सायकलीला किती जागा लागते?

ती सायकल अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. काळ्या रंगाची, पुढं जाळीची बास्केट, मागच्या मडगार्डवर ऑइलपेंटनं काढलेलं पांढरं फूल. पोलीस ठाण्याच्या आवारात, जप्त केलेल्या वाळूच्या ट्रॅक्टरशेजारी ती भिंतीला टेकवून ठेवली होती. आठ दिवस मी तिच्याजवळून ये-जा करत होतो आणि मला काहीही दिसलं नाही.

तेव्हा मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हिवाळ्याचे दिवस. सकाळी आठच्या सुमारास आटपाडीकडं जाणाऱ्या रस्त्यावर डाळिंबाचे क्रेट भरलेल्या पिकअपची एका सायकलला धडक बसली. सायकलवर पन्नाशीच्या बाई होत्या. वस्तीवरून गावातल्या अंगणवाडीत त्या मदतनीस म्हणून रोज सायकलनं जायच्या. ड्रायव्हरनं स्वतःच त्यांना गाडीत घालून ग्रामीण रुग्णालयात पोहोचवलं आणि तिथून तडक ठाण्यात आला. धडक देऊन पळून जाणारेच जास्त पाहिलेले असल्यामुळं, जो आपल्या पायांनी येतो तो खरंच बोलणार असं आम्ही धरून चाललो. पोलीससुद्धा माणूसच आहे, चांगल्या वागण्याला भुलतो.

त्याचं म्हणणं सरळ होतं. बाई साइडपट्टीवरून, म्हणजे डांबराच्या कडेच्या मातीच्या पट्टीवरून चालल्या होत्या आणि एकदम डांबरावर आल्या. हवालदारांनी घटनास्थळाच्या पंचनाम्यात लिहिलं, 'सायकलस्वार अचानक रस्त्यावर आल्याने'. हे वाक्य आमच्याकडं तयारच असे. सायकल म्हटली की हात आपोआप ते लिही. मी सही केली.

जबाब घ्यायला रुग्णालयात गेलो. पायाला प्लास्टर, कपाळाला टाके.

"मला कायबी आठवत न्हाई साहेब," बाई म्हणाल्या. "वळणाला घंटी वाजवली, तेवढं ध्येनात हाय. मग हितंच डोळं उघडलं. त्यो पिकअपवाला बिचारा खोटं कशाला बोलंल? माझंच चुकलं असंल."

शेजारी त्यांचे यजमान बसले होते. "लय दिस सांगत हुतो, बाईमाणसाला सायकल कशाला पायजे? आता इकूनच टाकतो. वस्तीवरच्या आणिक चौघी जातात, त्यांच्याबी घरात आता बोलाय लागल्यात."

बाई भिंतीकडं बघत राहिल्या. वस्तीवरून त्या वेळेला एसटी नाही. सायकल गेली की नोकरी गेली, आणि एकटीची नाही. पाचही बायकांचं बाहेर पडणं आमच्या एका ओळीवर अडकलं होतं. हे मला तिथं कळलं, पण ती ओळ चुकीची असेल हे मनातही आलं नाही.

नवव्या दिवशी ठाण्याच्या फोनवर स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याचा फोन आला. नाव सांगितलं, मग थेट विचारलं, "साहेब, त्या सायकलीचं टायर बघितलं का तुमी?"

"का? काय झालं टायरला?"

"झालं कायच न्हाई. म्हणून तर इचारतोय. आवं, ती साइडपट्टीनं चालली हुती म्हणत्यात. त्या पट्टीवर सराटा हाय. दोन हात चाललं तरी ट्यूब जाती. आमच्याकडचं शेंबडं पोरगंबी तितनं सायकल न्हेत न्हाई."

मी पाटणकडचा. कोयनेच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला सराटा ऐकूनही माहीत नव्हता. फोन ठेवला आणि आवारात जाऊन सायकलीसमोर उकिडवा बसलो. दोन्ही चाकं फिरवून पाहिली. मागचं चाक दबलेलं, पण टायरमध्ये हवा होती. काटा एकही नव्हता.

काटे गळून पडले असतील का? सायकल उचलताना, जीपमध्ये टाकताना? मनात प्रश्न आला की मला चैन पडत नाही. पंक्चरवाल्याला आणि दोन पंचांना घेऊन त्या जागेवर गेलो. पट्टीभर सराट्याची वाळलेली वेल पसरलेली आणि तिच्याखाली बारीक टोकदार फळं. एका हवालदाराला जुन्या सायकलीवर बसवून पट्टीवरून वीस पावलं न्यायला सांगितलं. सोळाव्या पावलाला पुढच्या चाकातून फुस्स आवाज आला. टायरमध्ये चौदा काटे मोजले. माझ्या बुटाच्या तळव्यातही सहा निघाले. मग तीच सायकल जीपमध्ये टाकून ठाण्यात आणली आणि उतरवून पुन्हा मोजले. चौदाच. हवालदार घाम पुसत म्हणाला, "साहेब, हे आधीच कुणी सांगितलं असतं तर!" कुणी सांगणार? आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. नव्यानं पंचनामा केला आणि दोन्ही सायकलींचे टायर मोहोरबंद करण्याआधी फोटो काढून ठेवले.

ड्रायव्हरला बोलावलं. दमदाटी केली नाही. चहा सांगितला आणि विचारलं, "बाई साइडपट्टीवर होत्या, नक्की?"

"व्हय साहेब."

"तुला किती लांबून दिसल्या?"

"लांबनंच की. पुलापासनं पट्टीनंच चालल्या हुत्या."

पूल तिथून दोनशे पावलांवर. ते जबाबात लिहून घेतलं आणि दोन्ही सायकलींच्या टायरचे फोटो त्याच्यासमोर ठेवले. एक काट्यांनी भरलेला, एक कोरा. तो त्याच भागातला. समजावून सांगावं लागलं नाही. चहाचा कप तसाच राहिला.

"समोरनं ट्रक आला हुता," तो म्हणाला. "ब्रेक मारायला पायजे हुता, मारला न्हाई. वाटलं, गाडी बसंल मधनं. साहेब, सायकलीला किती जागा लागती?"

तो निर्ढावलेला नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. आणि मलाही नव्हतं. त्याच्यावर हयगयीनं गाडी चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा लावला, दोषारोपपत्र पाठवलं. पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. कायद्याची पुस्तकं काढून बसलो. ओव्हरटेक करताना धोका होऊ नये असं लिहिलेलं होतं, पण सायकलपासून किती फूट लांब राहायचं, हा आकडा मला सापडला नाही. आम्हाला सायकलचे कायदे ठाऊक होते ते एवढेच, की दिवा नसला, डबलसीट दिसली, की अडवायचं. उमेदीत मीही कितीतरी पोरांच्या चाकांतली हवा सोडलेली आहे. सायकलवाल्यानं काय करायचं ते आम्हाला पाठ होतं, त्याच्यासाठी इतरांनी काय करायचं ते नव्हतं.

कोर्टाच्या आदेशानं सायकल परत द्यायची झाली तेव्हा बाई कुबडी घेऊन आल्या. यजमान सोबत होते. मी नवा पंचनामा वाचून दाखवला.

"मंजी माझं चुकलं न्हवतं?"

"नाही. चूक त्याची होती. आणि आमचीही."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. यजमान पुढं होऊन सायकलीची सीट रुमालानं झाडू लागले. विकायची भाषा पुन्हा निघाली नाही. निघताना बाई दारात थांबल्या.

"साहेब, मी वाचले म्हणून तुमी टायर बघितलं. जे जाग्यावरच गेलं, त्येंचं काय लिवता?"

दुपारी मी रेकॉर्डमधून जुनी प्रकरणं काढली. सायकलवाल्यांच्या अपघातांच्या पंचनाम्यांत त्याच जागी तेच वाक्य, खाली माझीच सही. दोन प्रकरणांत सायकलस्वार जागीच गेला होता. 'अचानक रस्त्यावर आल्याने'. कुणी पाहिलं होतं? फक्त धडक देणाऱ्यानं.

पुढं रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत मी मागणी मांडली, की सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडावं, तेवढी जागा नसेल तर मागं थांबावं, आणि सायकलच्या अपघातात तिची चाकं तपासल्याशिवाय पंचनामा पुरा होऊ नये. एक अधिकारी म्हणाले, "त्यापेक्षा सायकलवाल्यांनी साइडपट्टीवरून जावं असा नियम करा की." मी काट्यांचा फोटो त्यांच्यापुढं सरकवला. विषय 'वरिष्ठांकडे सादर' झाला.

आता निवृत्त आहे. वर्षातून दोनदा तेच निवेदन घेऊन सातारा-सांगलीतल्या कार्यालयांचे उंबरे झिजवतो. पहिली सही त्या बाईंची असते. ओळखीचे लोक विचारतात, साहेब, सायकलीचं एवढं काय मनावर घेता? जागीच गेलेल्या त्या दोघांच्या सायकली केव्हाच भंगारात गेल्या. त्यांचे टायर पाहायचे राहून गेले, आणि सही माझी आहे.