सरलाबाईंनी अध्यक्षपद सोडलं

खान्देशातून कारखान्यांत कामाला आलेल्यांच्या वस्तीत, नवागामात, सरलाबाईंची बालवाडी सुरू झाली ती एका कुलपामुळे. शेजारची सुंदरा साड्यांच्या कारखान्यात कामाला जाताना दोन्ही लेकरांना खोलीत कोंडून जायची. दुसरा इलाजच नव्हता. एकदा त्या खोलीतून धूर यायला लागला. गल्लीतल्यांनी दार तोडून पोरं बाहेर काढली. धाकट्याचा हात तेवढा भाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरलाबाई तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आजपासून कुलूप नको. पोरं माझ्याकडे सोड."

सुंदराची आली, मग सगळ्या गल्लीचीच यायला लागली. सरलाबाई अमळनेरकडच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, आवाज खणखणीत. नवरा दगा रात्रपाळीला कापड विणायचा लूम चालवायचा. दिवसा घरात पोरांचा गलका, म्हणून तो बिचारा झोपायला लूमवरच्या सोबत्याच्या, लोटूच्या खोलीवर जायचा. त्यावर त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. शहरात प्लेग आला त्या साली निम्मी वस्ती गावाकडे पळाली तेव्हा बालवाडी बंद पडली, लोक परतले तशी पुन्हा भरली. बायका जमेल तसं देत. त्यात पोरांचा खाऊ सुटायचा, सरलाबाईंच्या हाती काही उरत नसे.

दगाच्या गावचा भूपेंद्र कतारगामात एका वकिलाकडे कारकून होता. त्यानेच बातमी आणली की अहमदाबादची एक मोठी संस्था अशा बालवाड्यांना अनुदान देते.

"मग लिही माझं नाव," सरलाबाई म्हणाल्या.

"काकू, अनुदान संस्थेला मिळतं, माणसाला नाही. आधी मंडळाची नोंदणी पाहिजे. समिती, नियम, बैठका, मंडळाचं बँकेत खातं."

"सगळं तर मीच करते. समिती काय करणार?"

"तुम्हाला विचारणार," भूपेंद्र हसला. मग जरा चाचरत म्हणाला, "आणखी एक आहे. जी बाई पगार घेईल तिला समितीवर बसता येत नाही. तुम्ही एक तर अध्यक्ष व्हा, नाही तर पगार घेऊन शिकवा."

सरलाबाईंना हे चांगलंच झोंबलं. आपण उभं केलेलं घर, आणि आपणच उंबऱ्याबाहेर? दोन दिवसांनी दगाच म्हणाला, "अध्यक्ष होऊन करशील काय? खुर्चीवर बसशील? पोरं तुझ्याशिवाय जेवतात तरी का?" ते खरंच होतं. त्यांनी शिकवायचं ठरवलं. मात्र मनात हिशेब असा की अध्यक्ष सुंदराला करू. ती गरीब गाय, आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही.

मंडळाच्या पहिल्या बैठकीत सगळं उलटंच झालं. म्हाताऱ्या सुभद्राबाईंनी ताराचं नाव घेतलं. तारा घरी मजुरीवर साड्यांचे सुटे धागे कापायची, आणि सरलाबाईंना तोंडावर बोलणारी गल्लीत ती एकटीच. पोरांना ओट्यावर उन्हात बसवता म्हणून मागे एकदा चांगली भांडली होती. बायकांनी भराभर हात वर केले. सुंदरानेही.

तारा स्वतःच घाबरली. "माय, माले सही भी येत नही."

"तुले बोलता येस ना? मंग व्हयनं," सुभद्राबाई म्हणाल्या.

सही सरलाबाईंनीच शिकवली. मनातून कुढत, पण शिकवली. दर आठवड्याला समिती बसू लागली. भूपेंद्र नियम वाचून दाखवायचा, बायका त्यावर कडाकडा वाद घालायच्या. खाऊ काय द्यायचा, पोरगं आजारी पडलं तर कुणी न्यायचं, सगळं ठरू लागलं. सरलाबाई दाराशी बसून ऐकायच्या. बोलू नये म्हणून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायच्या. तरी एक गोष्ट झाली. ताराने हट्ट धरून घरमालकाकडून ओट्यावर पत्र्याची सावली करून घेतली. सरलाबाईंना ते कधी जमलं नव्हतं.

नोंदणी झाली, अर्ज गेला, आणि एक दिवस अहमदाबादहून संस्थेच्या हर्षदाबेन पाहणीला आल्या. पोरांची गाणी ऐकली, भांडी पाहिली. मग समितीला विचारलं, "बालवाडी बारा महिने चालते ना? अर्जात तसं लिहिलंय."

ते वाक्य भूपेंद्रने घातलं होतं, आणि सरलाबाईंनी घालू दिलं होतं. त्या पटकन "हो" म्हणणार, तोच तारा बोलली.

"नाही, बेन. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्या बाया लेकरं घेऊन खान्देशात जातात. पाऊस पडला की येतात. तोवर बंद असते."

सरलाबाईंना वाटलं, झालं, गेलं अनुदान! हर्षदाबेननी त्यांच्याकडे वळून विचारलं, "खरं आहे?"

"अध्यक्ष सांगतात ते खरं," सरलाबाई म्हणाल्या. ताराला त्यांनी अध्यक्ष म्हटलं ते पहिल्यांदाच.

हर्षदाबेननी अर्ज परत दिला. "चालते तितकेच महिने लिहा आणि पुन्हा पाठवा. बारा महिन्यांचे पैसे दिले असते, तर उन्हाळ्यात येऊन मी कुलूप पाहिलं असतं. मग पुढे कधीच मिळाले नसते."

त्या गेल्यावर सरलाबाई ताराला म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतंस."

"तुम्ही बोलू दिलं असतं?" तारा म्हणाली.

सरलाबाईंनी चहा ठेवला.

नवा अर्ज सगळ्यांनी मिळून ऐकला आणि मगच पाठवला. दिवाळीनंतर मंजुरी आली. मागितलं होतं त्याहून कमी, पण सरलाबाईंचा पगार आणि पोरांचा खाऊ निघेल इतकं. मदतीला आणखी एक बाई ठेवायची होती, ते राहून गेलं. समितीने ते पुढच्या वर्षीच्या अर्जात घ्यायचं ठरवलं. पहिला पगार ताराच्याच हस्ते द्यायचा असा बायकांचा आग्रह होता. ताराने तो दिला आणि लगेच म्हणाली, "सरलाबाई, शनिवारच्या बैठकीला उशीर करू नका."

"येते, अध्यक्षबाई," असं म्हणून त्या पोरांचे हात धुवायला गेल्या.