मामांची नोकरभरती

माणूस आणि काम यांची जोडी जमवण्यात माझ्या थोरल्या मामांचा हात धरणारा अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी झाला नाही. दारव्ह्याच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, ते मॅनेजर आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून. कापसाच्या हंगामाआधी भरती निघाली, की अर्जांचा गठ्ठा ते माझ्याकडे सरकवत आणि स्वतः फाटकापाशी खाट टाकून येणाऱ्यांच्या चाली बघत बसत. "कागदावर समदेच शहाणे असतात," असं त्यांचं म्हणणं. चौकीदार म्हणून त्यांनी जुनाट खोकल्याचा एक म्हातारा निवडला. "तो झोपतच नाही," मामा म्हणाले, "अन् त्याचा खोकला चार वावरांपलीकडं आयकू जाते." काट्यावर कापूस तोलायला त्यांनी महागावकडचा एक विलक्षण भांडखोर गृहस्थ बसवला. आठवड्याभरात शेतकरी आणि अडते दोघेही त्याच्यावर सारखेच चिडले, तेव्हा मामा भलतेच खूश झाले. वजन खरं असल्याचा याहून चांगला पुरावा त्यांना माहीत नव्हता. चुकतही असत. गोड बोलतो म्हणून एकाला फाटकावर नेमलं, तर तो प्रत्येक गाडीवानाच्या घरची खुशाली विचारत बसला आणि बाहेर पार पुलापर्यंत बैलगाड्या तुंबल्या.

एकोणीसशे साठच्या सुमाराला रेच्यांवर, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांवर, मुकादम नेमायचा होता. उमेदवार दोन: नागपूरची प्रशस्तिपत्रं घेऊन आलेला एक तरुण आणि जिनाच्या मालकाचा, शेटजींचा, साडू. मामांनी मुलाखतीच्या खुर्च्या थेट रेच्यांच्या दाराशी मांडल्या. खडखडाट एवढा, की प्रश्न ओरडून विचारावा लागे आणि उत्तर तिसऱ्यालाच ऐकू जाई. तरुण "सर्व यंत्रं उत्तम चालू आहेत" असं ओरडून सांगत होता, तेवढ्यात कापसाची टोपली डोक्यावर घेऊन चाललेली गिरजाबाई थांबून ओरडली.

"मनीजरसाहेब, सातव्या रेच्यात खडा गेला."

मामांनी मुख्य पट्टा उतरवून सगळे रेचे थांबवायला लावले. सातव्या रेच्यात खरोखरच खडा होता आणि ठिणगी पडून भोवतालची रुई धुमसायला लागली होती. पाणी मारलं गेलं. शेटजींचा साडू तोवर रस्त्यापलीकडे पोचला होता.

"तुमाले कसं समजलं बाई?" मामांनी विचारलं.

"सात वर्सं झाली टोपल्या वाहून राह्यली साहेब. एकेकाचा आवाज वळखते. बारावा तं माह्या सासूवानी कुरकुरते."

मामा खुर्चीवरून पडायचेच बाकी राहिले. हसू ओसरल्यावर त्यांनी तिथंच तिला मुकादम नेमलं. मुलाखतीला शेजारी बसलेल्या शेटजींचा चेहरा उतरला. बाईमाणूस, त्यातून घर नुकतंच बौद्ध झालेलं. लोक काय म्हणतील, असं ते हळूच बोलले.

"आपल्याले कान पाहिजे होता शेटजी," मामा म्हणाले. "जात नोती पाहिजे, अन् मिशा तं नोत्याच पाहिजे." मग किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी शेटजींपुढे ठेवला. "ही बाई नसन तं मीबी नाही."

शेटजींनी एकदा जळक्या रुईकडे पाहिलं आणि किल्ल्या परत केल्या. गिरजाबाई मुकादम असेतो जिनाला आग लागली नाही. बारावा रेचाही तिला वचकून असे, असं मामा शपथेवर सांगत.

पुढे शेटजींचे जावई कारभार पाहू लागले आणि मामांना घरी बसावं लागलं. पन्नाशी उलटलेली, शिक्षण मराठी चौथी. त्यांचे अर्ज मीच सुवाच्य अक्षरात लिहायचो. एकदा यवतमाळला मुलाखतीचं बोलावणं आलं. मामा धुतलेला कोट घालून गेले आणि दुपारच्याच मोटारीने परत आले.

"काय झालं मामा?"

त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला.

"कागद पाह्यला त्यायनं," ते म्हणाले. "माह्याकडं कोणी पाह्यलंच नाही रे."