जाणाऱ्याचा फोटो

तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं, तेव्हा मी तिथं कामाला होतो. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून डोंगरातले पाडे हिंडायचो. एका पाड्यावर नाचणी झोडणाऱ्या म्हातारीचा फोटो काढला. तो धुऊन तिला द्यायला पुन्हा तीन तास उन्हात चढलो. तिनं तो निरखून पाहिला, हसली आणि परत माझ्या हातात ठेवला.

मी चिडलोच. "अहो आजी, तुमच्यासाठीच आणलाय!"

"मी तं हितंच हाय," ती म्हणाली. "जानारा तू. तुजा दे."

मी खिसे चाचपले. माझा एकच फोटो होता, कामाच्या पासावर चिकटवलेला.

सोमवारी गेटवर सांगितलं, पास हरवला.