ठिपका न उठलेली आग

आमचे हे, म्हणजे बाळाजी, बारा वर्षं वनरक्षक आहेत. माणूस भला, पण भिडस्त इतका की वाटेतल्या कोंबडीलासुद्धा ‘जरा सरकतेस का’ म्हणेल. अशा माणसाला सरकारने दुसऱ्यांची नावं लिहायच्या कामाला लावलं, आता बोला!

उन्हाळाभर ह्यांच्या मोबाईलवर ठिपके येतात. वरून उपग्रह जातो, खाली कुठं जाळ दिसला की नकाशावर लाल ठिपका उठतो. मग तिथं जायचं, फोटो काढायचा, आग कुणी लावली ते लिहायचं. आणि आमच्या खाडीकाठी मे महिन्यात जाळ नाही असं एक शेत दाखवा! भाताचं रोप टाकायचं तर आधी शेण, पाला, फांद्या पसरून राब भाजावाच लागतो. जंगलाच्या हद्दीला लागून भाजायला बंदी, आणि आमची सगळी खाचरं हद्दीलाच लागून. मग काय आभाळात भाजायचं? प्रत्येक ठिपका म्हणजे कुणीतरी चुलता नाहीतर मामा. यंदा वरच्या साहेबांनी बजावलं, नावं दिली नाहीत तर नोकरी जाईल. ह्यांना घास उतरेना.

शेवटी माझी सासू नीराबाई ह्यांना म्हणाली, “आरं, तो वरचा कवा जातो तेवढं सांग. त्याच्या माघारी भाजू आमी.”

ह्यांनी सांगितलं. दुपारी दीडच्या सुमाराला. तिथंच दातखीळ बसली असती तर बरं झालं असतं!

दोन दिवसांत गावभर झालं. एरवी राब भाजायचा सकाळी, वारा पडलेला असताना. आता सगळे दीड वाजून जायची वाट बघू लागले. खाडीवरचा वारा तीनला उठतो हे शेंबडं पोरही सांगेल, पण उपग्रहाच्या धाकापुढं कुणाला सुचलं नाही. गुरुवारी सासूबाईंनी राब पेटवला, वारा फिरला, जाळ बांधावरच्या गवतात शिरला. जंगलाकडं जाऊ नये म्हणून त्या ओली फांदी घेऊन झोडपायला आत घुसल्या आणि लुगड्याने पेट घेतला. मी कळशी ओतेपर्यंत पाय मांडीपर्यंत भाजले होते. गावाने संध्याकाळच्या आत आग विझवली. मोबाईलवर ठिपका काही उठला नाही.

दवाखान्यात सासूबाईंनी आपणहून सांगितलं, “चुलीवर भाजले.” पोराची नोकरी वाचवायला. मीपण मान डोलावली, अक्कल गहाण ठेवून. भाजलेलं माणूस आलं की पोलिसांना कळवतात हे मला कुठं ठाऊक? हवालदार आला. घरात कोण होतं? सून. दोघींचं पटतं का? सोबत आलेल्या शेजारच्या सखुबाईने इमानेइतबारे सांगितलं, “भांडतात की, रोज.”

व्हरांड्यात ह्यांना गाठून म्हटलं, “तुमची नोकरी राहील आणि मी आत जाईन. आता तरी तोंड उघडता का?”

ह्यांनी उघडलं. हवालदारासमोर सरळ उभे राहून म्हणाले, “राब होता. वेळ मीच सांगितली. लिहून घ्या.” बारा वर्षांत पहिल्यांदा मला ह्या माणसाचा एवढा अभिमान वाटला की रडू आलं.

हवालदाराने गावात विचारलं. कुणी काही बघितलंच नव्हतं म्हणे, कारण त्याच वेळी सगळ्यांचेच राब पेटले होते, कबूल कोण करणार? मी जळलेली जमीन दाखवली, तर सगळं गावच काळं. मग दवाखान्यात परतून त्याने वनखात्यात फोन लावला. तिकडच्या बाईंनी उपग्रहाचे फोटो बघून सांगितलं, त्या दिवशी समुद्रावर आखाताकडून आलेली धूळ दिसते, तुमच्या गावात आग नाही.

“तिथली धूळ दिसते आणि माझ्या सासूचं पेटलेलं लुगडं दिसत नाही?” मी ओरडले. ओरडायला नको होतं.

हवालदार ह्यांना म्हणाला, “बायकोला वाचवायला बोलताय. समजतं मला.”

खाटेवरून सासूबाई कण्हत म्हणाल्या, “सायेब, चुलीवरच भाजले मी. सून लय गुणाची हाय.”

हवालदाराने तेवढं लिहून घेतलं आणि खुर्ची माझ्याकडं वळवली.

“हं, ताई. त्या दिवशी भांडण कशावरून झालं?”