मोर्शीची शेवटची गाडी

"सुमनताई, पाणी किती ढोसलं?" वजनकाट्याकडे बघत मी विचारलं.

डायलिसिसच्या पेशंटची किडनी काम करत नाही. प्यालेलं पाणी अंगातच साठतं. म्हणून मशीनवर घेण्याआधी आम्ही टेक्निशियन वजन करतो. दोन डायलिसिसच्या मधे वाढलेलं वजन म्हणजे पाणी. माझं वाढतं ते पोह्यांचं, पण काट्यावर दुसरं कुणी असलं की मला भाषण सुचतं. तेही मी पूर्ण केलं. सुमनताईंना धाप लागली होती, तरी त्यांनी ऐकून घेतलं.

"भाऊ, मी पानी मोजून पेतो. मांगचंच पानी अंगात हाये. तुमच्याइथं मशीन आधीच बंद होते ना."

एरवी माझी ड्यूटी सकाळची. त्या दिवशी रजेवरच्या सहकाऱ्याच्या जागी संध्याकाळी आलो होतो. खेड्यातल्या पेशंटना संध्याकाळच्या शिफ्टला टाकलंय, हे मला माहीत होतं. डॉक्टर चार तास लिहितात, ते पूर्ण होईपर्यंत मोर्शीची शेवटची एसटी गाडी निघून जाते, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. सुमनताईंचं गाव मोर्शीच्याही पुढं. झेंडूचा मळा, नवरा वारलेला, बारावीतली लेक घरी एकटी. म्हणून त्या दर वेळी तासभर आधी मशीन बंद करायला सांगायच्या. आणि आमची संध्याकाळची माणसं करायची.

त्यांना मशीनवर घेतलं, सिस्टरला लक्ष ठेवायला सांगितलं आणि मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. जिन्यात चार कडक वाक्यं पाठ केली होती. आत तोंडातून निघालं, "सर, जरा बोलायचं होतं. सुमनताईंना सकाळी घेता येईल का?"

"सकाळचे स्लॉट शहरातल्या पेशंटना लागतात," साहेब म्हणाले. "ते पैसे भरतात. हे सरकारी योजनेतले, फुकट."

"फुकट म्हणून चाराऐवजी तीन तास?"

"ती बाई स्वतःच बंद करायला सांगते. तिची मर्जी."

मर्जी. छातीत पाणी चढलेल्या बाईची मर्जी. मी वीस वर्षं ह्या लोकांच्या हातात सुया घालतोय. खुर्चीवरून लवकर उठायला मिळावं असं सगळ्यांनाच वाटतं, पण मरायची मर्जी कुणी सांगितलेली मला आठवत नाही.

परत येऊन म्हणालो, "ताई, आज पुरे चार तास चालवू."

"मंग घरी कशी जाऊ? तुमच्या स्कूटरवर?"

"स्कूटर माझंच ओझं कशीबशी ओढते. तुमची सोय साहेब करतील."

"साहेबाले माहीत हाये?"

"अजून नाही."

त्या पहिल्यांदा हसल्या. लेकीला फोन करून शेजारच्या काकूकडे थांबायला सांगितलं.

मशीन थांबलं तेव्हा गाडी केव्हाच गेली होती. बीपी बघितलं, हातावरची पट्टी तपासली आणि त्यांना धरून केबिनमध्ये नेलं. साहेब घरी निघायच्या तयारीत होते. मी त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून सुमनताईंना बसवलं.

"सर, यांची गाडी गेली. सकाळपर्यंत इथंच बसतील."

"इथं? माझ्या केबिनमध्ये?"

"लाइट चालू राहू द्या साहेब," सुमनताई म्हणाल्या. "मले अंधारात झोप नाही येत."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघितलं. पाठ केलेली चारही वाक्यं आता आठवत होती, पण गरजच पडली नाही. पाच मिनिटांत हॉस्पिटलची गाडी निघाली, थेट त्यांच्या दारापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सुमनताईंचा स्लॉट सकाळचा झाला. कुणाला दया आली नव्हती. गाडी आणि ड्रायव्हर दर खेपेला मोर्शीपार पाठवणं परवडणार नव्हतं, एवढंच. पेशंटचा त्रास पेशंटच्या अंगात असेपर्यंत कुणाला दिसत नाही. तो साहेबाच्या समोरच्या खुर्चीवर आणून बसवावा लागतो.

घरी हे सगळं बायकोला सांगितलं, जरा मीठमसाला लावूनच. ती अकोल्याची. कौतुक करायची तिच्या माहेरी पद्धत नाही. पोळी लाटता लाटता तिनं विचारलं, "संध्याकाळच्या शिफ्टले खेड्यातले आणखी किती राहिले?"

"सहा."

"अन् साहेबाच्या केबिनात खुर्च्या किती हायेत?"