पाठमोरं कव्हर

हे मी सांगायचं नव्हतं. मामा म्हणाले होते, "शरू, कव्हरं तू काढतेस हे कुणाला कळू देऊ नको. गिऱ्हाईक म्हणेल, भाचीवर दुकान चालवतो!" पण असे किस्से वहीच्या मागच्या पानांवर साठत जातात आणि मग वही नीट मिटत नाही.

मामांचं जळगावला, मेहरूणमध्ये डिझाइनचं दुकान आहे. खान्देशी गाण्यांच्या अल्बमची कव्हरं तिथे होतात. शाळा सुटली की मी कोपऱ्यात हेडफोन लावून डोळे मिटते. गाणं संपेपर्यंत एखादा रंग येतोच.

भुसावळच्या गायकदादांचं गाणं बायको माहेरी निघून गेल्याचं होतं. मला धुक्यातला रिकामा प्लॅटफॉर्म दिसला, तोच काढला. दादा म्हणाले, "छान! पण यात माझा हसरा फोटो टाका."

"अहो दादा, गाणं रडकं आहे!" मामा म्हणाले.

"असू द्या. ती पण बघणार आहे ना!"

केळीवाल्या नानांना कव्हरवर अख्खी बाग हवी होती. काढली. मोबाइलवर ती नखाएवढी झाली. नानांची बायको म्हणाली, "मेथीची जुडी झकास आलीय!"

मग मी एकच पान काढलं. वाऱ्यानं फाटलेलं, मागून ऊन आलेलं. नानांनी पानाच्या फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाले, "हे आमचंच. विहिरीजवळचं."

पिंपळनेरच्या अक्का कापूस वेचताना गातात. त्यांचा पहिलाच अल्बम. सासऱ्यांची, म्हणजे आबांची, अट होती, "आवाज जाऊ द्या. तोंड दिसायला नको." अक्का मला हळूच म्हणाल्या, "पण पोरी, मीच गाते हे लोकांना समजायला हवं ना?"

मी त्यांना पाठमोरं काढलं. डोक्यावर पदर, आणि आवाज पोचेल तिथपर्यंत पांढरं शेत. मामांनी ते दुकानाच्या काचेला लावलं.

अक्कांना घेऊन आबा ते बघायला आले. मामांनी गाणं लावलं. आबा टोपी हातात घेऊन चित्रासमोर उभे राहिले. गाणं संपल्यावर शेजारच्या गिऱ्हाइकाला अहिराणीत म्हणाले, "हाई आमनी सून शे!"

गाणं पुन्हा लावायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण माझ्या बोटांना पांढरा रंग होता.

चित्राकडे बोट करून म्हणाले, "पोरी, हिले जरा इकडे फिराव ना!"

मी नवा कागद घेतला. अक्का दाराशीच होत्या. मी मान वर केली, आणि त्यांनी पदर मागे…

"शरूऽ! ये लवकर, गिऱ्हाईक आलंय!" मामा हाक मारतायत. उरलेलं नंतर लिहीन.