ओटी भरली, अजून गेली नाय?

बिरवाडीत आमच्या मागच्या खोलीत बिहारचं जोडपं भाड्यानं राहायचं. तो कारखान्यात पाळीवर, ती पोटुशी, पहिलटकरीण. सातव्या महिन्यात आळीतल्या बायकांनी मोठ्या हौसेनं तिची ओटी भरली. हिरवी साडी, नारळ, फळं, फोटोसुद्धा काढले. आणि हात झटकून मोकळ्या झाल्या. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ओटी भरली की पोर माहेरी जाते, मग आपल्याला काय बघायचंय?

ती गेलीच नाही. दिवस भरत आले तरी नळावर हंडा घेऊन उभी. "अजून गेली नाय गो?" हे तिला नाही, मला विचारायच्या. जशी काय मीच तिला दावणीला बांधून ठेवली होती.

शेवटी मी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, आईकडे कधी जाणार? तिनं सांगितलं, त्यांच्यात बाळंतपण सासरी, सासूच्या हातानं. सासू येईल म्हणून ही थांबलेली, आणि ही जाईल म्हणून आम्ही. सासूचा फोन आला, भाताची लावणी आहे, निघता येत नाही. माझं डोकंच फिरलं. भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही, पण तुझ्याजवळ कोण थांबणार, एवढं विचारायला एकीची जीभ रेटली नव्हती.

आळीत सांगितलं तर म्हणाल्या, "तिच्या माणसांनी नको बघायला?" बघायला हवंच. पण तिची माणसं तिकडे बिहारात, आणि कळा काय रेल्वेचं टाइमटेबल बघून येतात?

कळा आल्या त्या भर दुपारी. नवरा पाळीवर, फोन कारखान्याच्या गेटवर जमा. मी रिक्षा बोलावली. महाड येईपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही. दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "सोबत बाईमाणूस कोण?" म्हटलं, मी. संध्याकाळी मुलगी झाली. मला रडू येत होतं आणि आळीचा रागही येत होता.

घरी आणल्यावर त्याच बायका बाळंतिणीला बघायला आल्या. चहा झाला, बाळाचं नाक कोणावर गेलंय ते झालं. मग एकीनं विचारलंच, "काय गो, हिची सासू नाय आली अजून?"

मी शेकासाठी शेगडी पेटवत होते. मान वर न करता म्हटलं, "आली हाय. कधीची तुझ्यासमोर बसलीय."